बारा पावलं

मनी : …शब्द दिलाय, नाना. आता मागे फिरायचं नाही.

नाना : मागे कसा फिरणार? मागे तुझ्या नव्या मशीनचं हे खोकं आहे. पुढे संडासाचं दार, आणि ते वीतभर उघडतंय. आत तिरका गेलो. बाहेर येताना विसरून सरळ झालो तर शर्टाचं बटण गेलं.

मनी : पाच वाजेपर्यंत कळ काढा.

नाना : कळच काढतोय सकाळपासून. तीच तर अडचण आहे.

मनी : पाच वाजता मशीनवाली माणसं येतील. लिफ्टवाल्या काकांनी त्यांच्या बागेसाठी तुमचा प्लॅन पसंत केला असेल तर मशीन परत. माझा केला असेल तर तुमचं ड्रॉइंगचं टेबल खाली. खोलीत दोन्ही मावत नाहीत, हे तुम्हीच पट्टी लावून ठरवलंत.

नाना : टेबल आडवं लावून बघितलं, उभं लावून बघितलं. शेवटी तुझी आई म्हणाली, तुम्ही जिन्यात उभे राहिलात तर दोन्ही मावतील.

मनी : आईचं आपलं थोडक्यात असतं.

नाना : पण गिऱ्हाईक चांगलं निवडलंस हो. एकतीस वर्षं त्या माणसाने लिफ्ट चालवली. हाताने. दांडा ओढून. त्याला हाताचं काम कळणार. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे काय? एक झाड. तेच सतरा वेळा. पान न् पान सारखं. एकाला कीड लागली की सतरांना लागणार.

मनी : आणि तुमची झाडं? वरून बघितलं की सगळी फुलकोबी. लिंबू फुलकोबी, पेरू फुलकोबी. त्या दवाखान्याच्या बाईंनी विचारलं होतं, एवढी कोबी खाणार कोण?

नाना : एकदाच झालं ते.

मनी : दोनदा. आणि बाकाची जागा खोडून खोडून कागदाला भोक पडलं, तर कंत्राटदाराने तिथे विहीर खणायला घेतली.

नाना : पाणी लागलं ना पण?

मनी : नाना!

नाना : लागलं की नाही, तेवढं सांग.

मनी : लागलं. पण त्यांना बाक हवा होता. हे बघा, मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. सात महिने झाले मला इथे तुमच्या ऑफिसात येऊन. तुम्ही एक प्लॅन काढता तेवढ्यात मी चार काढते. गिऱ्हाईक म्हणतं, झाड इकडे सरकवा, मी सरकवते. तुम्ही नवीन कागद घेता आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

नाना : झाड सरकवायचं म्हणजे दुःख व्हायलाच पाहिजे थोडं. त्याशिवाय माणूस विचार करत नाही.

लिफ्टवाले : येऊ का? आत किती जण आहात?

नाना : दोघंच. या, या काका.

लिफ्टवाले : दोन आणि एक तीन. चालेल. पण हे मध्ये काय उभं केलंय?

मनी : मशीन आहे काका, मोठे कागद छापायचं. पाय उचलून या. हां, अस्संच. हात टेकू नका.

लिफ्टवाले : दारात सामान ठेवू नये ताई. आधी आतल्यांनी बाहेर, मग बाहेरच्यांनी आत, मग सामान. मी एकदा या क्रमात चूक केली होती. एक कपाट आणि एक उपसचिव पाऊण तास चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये होते.

नाना : बसा. ही खुर्ची घ्या.

लिफ्टवाले : उभा बरा आहे. मी पाच मिनिटांत निघतो. दोन्ही कागद आठवडाभर भिंतीला लावले होते. रोज बघितले. सकाळी एक, संध्याकाळी एक. काल निर्णय झाला.

नाना : सावकाश सांगा. घाई नाही.

मनी : घाई आहे. सांगा काका.

लिफ्टवाले : ताईंचा. कम्प्युटरवाला.

मनी : खरंच?

लिफ्टवाले : हो. साहेब, राग मानू नका. तुमचा कागद सुबक आहे. पण मला वाटलं तो नमुना असेल. साबणाची छोटी वडी देतात ना, तसा.

नाना : राग कसला? अभिनंदन, मनी. ही पेनं मी कुठे भरू? का पेनंही खाली न्यायची आहेत?

मनी : नाना, असं नका ना करू. काका, तुम्हाला माझ्या प्लॅनमधलं नेमकं काय आवडलं? जरा मोठ्याने सांगा.

लिफ्टवाले : चालता येतं त्यात. दारातून निघालो की वाट झाडांमधून जाते. मग वळण. मग तळं. तळ्यावर पूल. पूल उतरलो की मांडव, मांडवामागे परत वाट. मी बोट फिरवून बघितलं. मध्ये कुठे थांबावं लागत नाही.

नाना : तळं?

लिफ्टवाले : कमळं आहेत त्यात. आणि पुलावर मी उभा आहे.

मनी : तो माणूस मापासाठी असतो काका. माणूस टाकला की बाकीचं केवढं आहे ते कळतं.

लिफ्टवाले : मापाचाच आहे. माझ्याएवढाच.

नाना : एक मिनिट. मनी, तो कागद उलगड जरा. तळं, पूल, मांडव… हे कुणाचं अंगण आहे?

मनी : काकांचं. कुणाचं म्हणजे काय?

नाना : तीस फूट बाय वीस फूट?

मनी : तीस बाय वीस. तुमच्याच वहीतून घेतलंय. दर वेळी मी टेप घेऊन स्वतः जाते. या वेळी म्हटलं, नाना स्वतः जाऊन मोजून आलेत, विश्वास ठेवू या.

नाना : आण ती वही.

मनी : ही घ्या. हे बघा, तुमचं अक्षर. ‘लिफ्टवाले, मागचं अंगण, लांबी बारा पावलं, रुंदी आठ पावलं.’ एक पाऊल अडीच फुटांचं. बारा गुणिले अडीच तीस. आठ गुणिले अडीच वीस.

नाना : अडीच फुटांचं पाऊल? माझ्या पायात काय होडी आहे?

मनी : पाऊल म्हणजे माणूस टाकतो ते!

नाना : पाऊल म्हणजे माणसाला असतं ते! ओल्या मातीत उमटतं ते. हे, हे बघ, एवढं. साडेदहा इंच. पावलाला पाऊल लावत मोजायचं.

मनी : ‘चार पावलं पुढे या’ म्हटलं तर लोक काय टाच आणि अंगठा जुळवत येतात?

नाना : आणि बाळाची पावलं म्हणतो आपण, ती काय अडीच फुटांची असतात? चाळीस वर्षं मी असंच मोजतोय. थांब, दाखवतोच.

(नाना चप्पल काढून, टाचेला अंगठा लावत खोलीच्या या भिंतीपासून मोजत निघतात.)

नाना : एक… दोन… तीन… चार… पाच… सहा… सात… खोकं. इथे खोकं आलं म्हणून थांबलो, नाहीतर पुढे गेलो असतो.

मनी : म्हणजे बारा पावलं म्हणजे…

नाना : साडेदहा फूट. आठ म्हणजे सात फूट.

मनी : साडेदहा बाय सात? नाना, माझं तळंच त्याहून मोठं आहे!

नाना : हळू बोल.

मनी : आठपट! मी आठपट बाग काढलीय!

नाना : हळू, बाई. काका ऐकतायत.

लिफ्टवाले : चालू द्या. मला सवय आहे. लोक माझ्यासमोर काहीही बोलायचे.

नाना : तू सांग त्यांना.

मनी : तुम्ही सांगा. वही तुमची आहे.

नाना : प्लॅन तुझा आहे. आता तो पसंतही पडलाय.

लिफ्टवाले : तुमचं होईपर्यंत मी एक विचारू का ताई? पुलाला कठडा लागेल का? शेजारच्या बाई विचारत होत्या. पूल त्यांच्या फ्रिजच्या जागी येतो.

मनी : कुणाच्या फ्रिजच्या?

लिफ्टवाले : शेजारच्या बाई. माझ्या अंगणाला लागून त्यांचं स्वयंपाकघर. मी कागद घेऊन गेलो होतो त्यांच्याकडे, परवा. वाट भिंतीतून आत जाते, ओट्यावरून सरळ, गॅसपाशी डावीकडे वळते. तळं म्हणजे त्यांची बेसिनची बाजू. म्हणजे पाण्याची सोय आहेच.

नाना : आणि त्या काय म्हणाल्या?

लिफ्टवाले : आधी नाही म्हणाल्या. मग चष्मा लावला. कमळं बघितली. म्हणाल्या, एकटीचा स्वयंपाक असा असतोच केवढा, गॅस काय बाहेरच्या खोलीतही लागतो. काल फ्रिज हलवला. तो सध्या जिन्यात आहे. तुमच्या मशीनसारखाच उभा आहे, दारात.

मनी : अरे देवा.

लिफ्टवाले : मांडव मात्र त्यांच्या पलीकडच्या घरात जातो. तिकडे अजून बोललो नाही. ते गृहस्थ जरा तापट आहेत. म्हटलं, तळं झालं की त्यांना दाखवू, मग विचारू.

नाना : मनी. सांग.

मनी : काका… तुम्ही बसा ना जरा.

लिफ्टवाले : उभा बरा आहे.

मनी : काका, माझ्याकडून फार मोठी चूक झालीय. हा प्लॅन तुमच्या अंगणाचा नाहीये. म्हणजे आहे, पण माप चुकलंय. तुमचं अंगण एवढं नाही. ते साडेदहा फूट बाय सात फूट आहे. त्यात तळं होणार नाही. पूलही नाही. एक बाक, एक लिंबाचं झाड आणि खाली बारीक खडी, एवढंच होईल. नानांनी काढलंय तेवढंच.

लिफ्टवाले : माहीतय की.

नाना : काय माहीतय?

लिफ्टवाले : साडेदहा बाय सात. रोज सकाळी तिथे दात घासतो मी. मला दिसत नाही का ते केवढं आहे?

मनी : मग तुम्ही काही बोललात कसे नाही?

लिफ्टवाले : मला वाटलं कम्प्युटरने जागा काढली असेल.

नाना : कम्प्युटरने? कुठून?

लिफ्टवाले : ते मला कळत नाही. पण होतं तसं. आमच्याकडे झालं होतं. आमची लिफ्ट चार बाय चारची. सहा माणसं घ्यायची, पाटीच होती तशी. एकतीस वर्षं मी सहा घेतली. मग एक दिवस साहेब आले. म्हणाले, आता बटणांची लिफ्ट बसवणार. नवीन तंत्र आहे, सात माणसं मावतील. मी म्हटलं, साहेब, खड्डा तेवढाच आहे, भिंती त्याच आहेत, सातवा मावेल कुठे? तर हसले. म्हणाले, तेच तर तंत्र आहे. बसवली. आणि खरंच सात मावायला लागली.

मनी : कशी?

लिफ्टवाले : मलाही चार दिवस कळेना. बाहेर उभा राहून मोजायचो. सात आत, दार बंद, सात बाहेर. मग लक्षात आलं. सातवी जागा माझी होती.

नाना : बसा हो काका. बसा.

लिफ्टवाले : म्हणून ताईंचा कागद आला तेव्हा मला आश्चर्य नाही वाटलं. म्हटलं, नवीन तंत्र आहे, निघाली असेल जागा. पण जागा निघते ती कुणाची तरी निघते, एवढं मला आता कळतं. म्हणून आधी शेजारच्या बाईंना विचारून आलो. मला कुणी विचारलं नव्हतं.

मनी : काका, मला फार लाज वाटतेय. खरंच. मी एकदाही तुमच्या अंगणात आले नाही. इथे बसून सतरा झाडं लावली.

लिफ्टवाले : झाडं चांगली होती. फक्त सगळी एकाच तोंडवळ्याची वाटली. मला वाटलं एकाच घरातली असतील.

नाना : तिची एकटीची चूक नाही. वहीत ‘पावलं’ लिहून मी मोकळा झालो. टेप होता खिशात. काढला नाही. चाळीस वर्षं माझं मलाच कळत होतं, तेवढ्यावर चाललं. तिला कळेल का, हा विचारच केला नाही मी.

मनी : खालून हाक मारतायत. मशीनवाले आले.

नाना : आले? मग सांग त्यांना. टेबल न्या म्हणावं.

मनी : काय?

नाना : शब्द म्हणजे शब्द. काकांनी तुझा प्लॅन पसंत केला. चुकीचा का असेना, पसंत केला. मी काढलेला बरोबर होता, तो त्यांना साबणाची वडी वाटला. टेबल जाऊ दे.

मनी : नाही जायचं टेबल. मशीन परत जाईल.

नाना : मशीन कशाला? त्या मशीनची काय चूक? ते बिचारं अजून खोक्यातून बाहेरही आलेलं नाही.

मनी : मला नाही बघायचं तुम्हाला रिकाम्या हाताने खिडकीपाशी बसलेलं. आत्ता पेनं गोळा करत होतात ना, तेव्हाच मला कसंतरी झालं. जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, नाही झाला.

नाना : आणि तू परत दुसऱ्याच्या ऑफिसात जायचीस, ते मी बघू? सात महिने इथे कुणीतरी माझ्याशी भांडतंय. बरं वाटतं.

लिफ्टवाले : खाली माणसं ताटकळलीत. कुणीतरी मजला सांगा त्यांना.

मनी : काका, तुम्हीच सांगा. छोट्या जागेत सामान मावण्याबद्दल तुमच्याएवढं कुणाला कळत नाही. टेबल आणि मशीन, दोन्ही या खोलीत कशी राहतील?

लिफ्टवाले : पट्टी द्या. … हं. टेबल इथून हलवायचं नाही. प्रकाश इथेच आहे. मशीन लांबट आहे. ते त्या दारापाशी भिंतीला सरळ लागतं. आत्ता आहे तिथेच, चार बोटं आत.

नाना : पण मग ते दार उघडणारच नाही.

लिफ्टवाले : नाही उघडणार.

नाना : संडास आहे तो!

लिफ्टवाले : मी म्हटलं ना साहेब, जागा कुणाची तरी निघतेच.

मनी : चालेल. खाली चष्म्याच्या दुकानात आहे, ते नाही म्हणणार नाहीत.

नाना : दोन जिने? या वयात?

मनी : आधी विचारून येऊ त्यांना. (खिडकीतून खाली) अहो दादा! वर यायची गरज नाही! काही न्यायचं नाही! … हो, काहीच नाही! … म्हणतायत, मग आम्हाला बोलावलं कशाला.

नाना : सांग, पुलाला कठडा लागेल का ते विचारायला.

मनी : नाना, पुरे. काका, शेजारच्या बाईंना मी येऊन सांगते. फ्रिज आत लावून देते. त्या फार चिडतील का?

लिफ्टवाले : चिडणार नाहीत. त्यांनाही माहीत असणार. ओटा त्यांचा आहे, रोज पुसतात. पण कमळं बघून त्या म्हणाल्या होत्या, इतकी वर्षं आपण शेजारी राहतो आणि तुम्ही घरात पहिल्यांदा आलात.

नाना : मग त्यांना बागेत बोलवा.

लिफ्टवाले : तसंच म्हणणार आहे. मोठा कागद त्यांना देतो, स्वयंपाकघरात लावायला. फ्रिजच्या वर जागा आहे.

मनी : तो नका देऊ काका. चुकीचा आहे तो.

लिफ्टवाले : भिंतीवर चालेल. जमिनीत साहेबांचा लावा. आणा बघू तो छोटा कागद, ताई. आता नीट बघतो. ही फुलकोबी कसली?

नाना : ते लिंबाचं झाड आहे.

लिफ्टवाले : असं होय. आणि हा बाक भिंतीला टेकून. बरं आहे. वर काय आहे?

नाना : वर? वर काही नाही. आभाळ.

लिफ्टवाले : ते काढलेलं नाही म्हणून विचारलं. आणि यात चालायला किती आहे?

नाना : या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, चार पावलं.

लिफ्टवाले : लावायची, का टाकायची?

नाना : टाकायची.

लिफ्टवाले : मग पुष्कळ आहेत. लिफ्टमध्ये मला एकच होतं, तेही सकाळी आत शिरताना.